एप्सन मोड की आयबीएम मोड? ठळक अक्षर उमटलं म्हणून खात्री धरू नका

मजकूर मांडणीच्या सॉफ्टवेअरला डॉट मॅट्रिक्स (पिना शाईच्या फितीवर आपटून छापणारा) प्रिंटर जोडायचा, तर एक तक्ता भरावा लागतो: ठळक अक्षर सुरू करायला कोणते बाइट, बंद करायला कोणते, ओळींमधलं अंतर कसं बदलायचं. त्याआधी ठरवायचं असतं की प्रिंटर एप्सनची ईएससी/पी भाषा बोलतोय की आयबीएम प्रोप्रिंटरची. बरेच जण ठळक आणि अधोरेखित शब्दांची एक ओळ छापून बघतात आणि ती नीट आली की निश्चिंत होतात. पण त्या ओळीवरून काहीच कळत नाही.

या दोन भाषांचं मूळच एक आहे. १९८१ साली आयबीएमच्या पहिल्या पीसीसोबत आलेला प्रिंटर एप्सननेच बनवलेला होता, त्यांच्याच एमएक्स-८० प्रिंटरच्या घडणीचा. पुढे प्रोप्रिंटर आला तरी रोजच्या वापरातले कोड बहुतांशी तेच राहिले. २७ ६९ या बाइटांनी ठळक सुरू, २७ ७० ने बंद. १५ ने अक्षरं दाट, १८ ने पूर्ववत. दोन्हीकडे सारखंच.

फरक पडतो तो एस्केप ४ आणि एस्केप ५ वर; एस्केप म्हणजे बाइट २७. (इथे ४ म्हणजे छापील आकडा, बाइट ५२. तक्त्यात २७ ४ लिहिलंत तर दोन्ही मोडमध्ये चूक.) एप्सनमध्ये ४ ने इटॅलिक सुरू होतं, ५ ने संपतं. प्रोप्रिंटरमध्ये ४ चा अर्थ ‘पानाचा माथा इथे धर’, म्हणजे पुढचा फॉर्म फीड (पुढच्या पानावर जाण्याचा हुकूम) कागदाच्या मधेच थांबणार. ५ तर आणखी त्रासदायक. तो ओळबदल आपोआप करायचा की नाही हे ठरवतो आणि त्यासाठी पुढचा एक बाइट मागतो. सॉफ्टवेअरने तो बाइट दिलेलाच नसतो, म्हणून इटॅलिक शब्दानंतरचं पहिलं अक्षर गिळलं जातं. गिळलेल्या अक्षराचा अर्थ ‘चालू’ असा लागला तर तिथून पुढे प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ. अशा वेळी लोक केबल तपासत बसतात, आणि दोष तक्त्यात असतो.

दुसरा फरक एस्केप ए चा (ए म्हणजे बाइट ६५), ओळींमधलं अंतर ठरवणारा. नऊ पिनांच्या प्रिंटरवर २७ ६५ ९ म्हणजे ९/७२ इंच, इंचाला ८ ओळी. एप्सन ते तत्काळ लागू करतो. आयबीएम नुसतं लक्षात ठेवतो आणि एस्केप २ आल्यावर अमलात आणतो. एप्सनमध्ये मात्र एस्केप २ म्हणजे इंचाला ६ ओळींवर परत. त्यामुळे एकाचा तक्ता दुसऱ्याला दिला की दोन्ही बाजूंनी फसगत होते: सॉफ्टवेअर ११ इंची पानात ८८ ओळी मोजतं, कागदावर मावतात ६६.

म्हणून चाचणी इटॅलिकचीच घ्या. एस्केप ४, एक शब्द, एस्केप ५, आणि लगेच, मधे जागा न सोडता, दुसरा शब्द. पहिला शब्द तिरपा आला तर एप्सन. सरळ आला आणि दुसऱ्याचं पहिलं अक्षर गायब असेल तर आयबीएम. प्रिंटरमध्ये दोन्ही मोड असतील तर मी एप्सनच निवडेन, इटॅलिक हाताशी राहतं. आयबीएमवरच राहायचं असेल, तर तक्त्यातल्या इटॅलिकच्या जागी अधोरेखनाचे कोड भरा. आणि मोडसाठी डिप स्विच (प्रिंटरमधली छोटी खटकी) हलवलात तर प्रिंटर एकदा बंद करून चालू करा. बहुतेक प्रिंटर ते स्विच सुरू होतानाच वाचतात.