क्लासला असोसिएशनची संलग्नता घ्यावी का?

कराटे, तायक्वांदो, ज्युदो, कुस्ती आणि मर्दानी खेळ शिकवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

संस्था नोंदणी, वार्षिक ऑडिट, चेंज रिपोर्ट (कार्यकारिणीतील बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणे) ही आमच्या कार्यालयाची कामे. त्यासाठी येणारे सर आणि वस्ताद सह्या उरकल्या की हमखास विचारतात, "एका असोसिएशनचं पत्र आलंय, फी भरून टाकू का?" आमचे उत्तर असे: तुमची मुले जिल्ह्याच्या पुढे खेळणार असतील तर संलग्नता घ्याच, पण साखळी तपासून घ्या. बोर्डावर आणखी एक शिक्का दिसावा एवढ्यासाठीच घेत असाल, तर ते पैसे मॅट आणि गार्डवर खर्च करा.

साखळी कशी बघायची

जिल्हा संघटना राज्य संघटनेला जोडलेली असते, राज्य संघटना राष्ट्रीय महासंघाला आणि तो आंतरराष्ट्रीय संस्थेला. कराटेत ती वर्ल्ड कराटे फेडरेशन, तायक्वांदोत वर्ल्ड तायक्वांदो, कुस्तीत युनायटेड वर्ल्ड रेसलिंग. नावात 'इंटरनॅशनल' किंवा 'इंडिया' असले म्हणून संघटना या साखळीत बसतेच असे नाही. प्रत्येक पायरीचे चालू वर्षाचे मान्यतापत्र मागा. वरच्या संस्थेच्या यादीत खालच्या संस्थेचे नाव आहे का, तेही स्वतः बघा.

जुने पत्र चालत नाही, कारण मान्यता जाऊ शकते. २०२० मध्ये वर्ल्ड कराटे फेडरेशनने भारतातल्या तेव्हाच्या संघटनेची मान्यता काढून घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये वेळेत निवडणुका न झाल्यामुळे भारतीय कुस्ती महासंघ निलंबित झाला आणि पुढच्याच महिन्यात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपल्या मल्लांना तिरंग्याशिवाय उतरावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'महाराष्ट्र केसरी' फुलगावलाही झाली आणि धाराशिवलाही. खासबाग कुस्ती मैदानाच्या कोल्हापूरला हे वेगळे सांगायला नको. वरच्या खुर्च्यांच्या भांडणात नुकसान होते ते पहाटे उठून जोर-बैठका काढणाऱ्या पोराचे.

आता राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ आला आहे. राष्ट्रीय महासंघांना मान्यता देण्यासाठी मंडळ आणि वादांसाठी न्यायाधिकरण अशी त्यात तरतूद आहे. त्यामुळे पुढच्या काळात मान्यताप्राप्त नावे बदलू शकतात. दरवर्षी एकदा तपासणी कराच.

आमच्या कामातली एक खूण सांगतो. असोसिएशन ही बहुधा तुमच्यासारखीच नोंदणीकृत संस्था असते: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. तो वादात अडकला की दोन-दोन अध्यक्ष आणि दोन-दोन सचिव तयार होतात आणि दोघेही तुमच्याकडे फी मागतात. म्हणून चेक लिहिण्याआधी संघटनेचा नोंदणी क्रमांक घ्या. मंजूर कार्यकारिणी कोणती आणि ऑडिट कुठपर्यंत भरले आहे, हे धर्मादाय कार्यालयात बघता येते. एवढी चौकशी कुणालाही करता येते, पण फारच थोडे लोक ती करतात.

शाळेच्या स्पर्धा आणि बेल्ट

"आमच्याशी संलग्न नसाल तर मुलांना शालेय स्पर्धा खेळता येणार नाहीत," असे कुणी सांगितले तर घाबरू नका. क्रीडा कार्यालयाच्या १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांची प्रवेशिका शाळेमार्फत जाते, क्लासमार्फत नाही. त्यासाठी शाळेतल्या क्रीडाशिक्षकांशी ओळख ठेवा. ग्रेस गुण किंवा नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण यांसाठी मात्र कोणता खेळ, कोणती स्पर्धा आणि प्रमाणपत्र कुणाचे, हे सगळे पाहिले जाते. पालकांना आश्वासन देण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन चालू शासन निर्णय वाचा.

बेल्टची गोष्ट वेगळी आहे. कराटेत बेल्ट मुख्यतः शोतोकान, गोजू-रयू अशा शैलींच्या संस्था देतात. वर्ल्ड कराटे फेडरेशनचे काम प्रामुख्याने स्पर्धांचे. तायक्वांदोत डॅन (ब्लॅक बेल्टच्या पायरीचे) प्रमाणपत्र सोलच्या कुक्कीवोन या तायक्वांदो मुख्यालयाचे मानले जाते. तेव्हा स्पर्धेसाठी एक संघटना आणि ग्रेडिंगसाठी दुसरी, असे असू शकते. पालकांना हे फी घेतानाच सांगा. दर तीन महिन्यांनी परीक्षा, नवा रंग आणि नवी फी असा आग्रह धरणाऱ्या संघटनेपासून लांब राहा. मुलाच्या हातापायात न उतरलेला बेल्ट नुसत्या कमरेला बांधून उपयोग नाही.

सही करण्याआधी

वार्षिक फी, प्रत्येक विद्यार्थ्यामागची नोंदणी, परीक्षा फीतला वाटा, हे सगळे लेखी घ्या. त्याहून महत्त्वाची अट म्हणजे बाहेर पडण्याची. संलग्नता सोडली तर विद्यार्थ्यांचे ग्रेड टिकतात का? ना हरकत दाखला किती दिवसांत मिळतो? दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेत खेळल्यास बंदी आहे का? विद्यार्थ्याच्या पायात बेडी घालणारी अट असेल तर आम्ही सही करू नका असेच सांगू, मग संघटना कितीही मोठी असो.

संलग्नतेमुळे तुमची स्वतःची नोंदणी, अपघात विमा किंवा प्रशिक्षकांची पोलीस पडताळणी आपोआप होत नाही. लहान मुली-मुले तुमच्या भरवशावर येतात, त्यामुळे ही कामे आधी करायची. जी संघटना स्वतःहून प्रशिक्षकाचे प्रथमोपचार प्रशिक्षण, चारित्र्य पडताळणी आणि तक्रार ऐकणारी व्यवस्था मागते, तिची फी थोडी जास्त असली तरी आमच्या मते ती द्यावी.

मर्दानी खेळाच्या आखाड्यांना

लाठी, दांडपट्टा, फरीगदगा शिकवणाऱ्यांसमोर अशी जगापर्यंत जाणारी साखळी नाही. खेलो इंडिया युवा स्पर्धांत गतका, कलारीपयट्टू, थांग-ता आणि मल्लखांब हे देशी खेळ घेतले गेले, त्यांत मर्दानी खेळ नव्हता. तो यावा असे आम्हाला मनापासून वाटते, आणि त्यासाठी पेठापेठांतल्या आखाड्यांनी एकाच नियमावलीवर यावे लागेल. तोपर्यंत बाहेरच्या संघटनेला पैसे भरण्यापेक्षा आखाड्याची स्वतःची नोंदणी करा. त्यासाठी किमान सात सभासद लागतात.

कार्यालयात येताना असोसिएशनचे पत्र, तिची नियमावली, फीचा तक्ता आणि तुमच्या नोंदणीची प्रत सोबत आणा. कागद वाचून दाखवण्याचे आणि अटी समजावण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.