चर्चेला फाटे फुटू नयेत म्हणून

तुमच्या संस्थेच्या बैठकीत किंवा सभासदांच्या लेखी चर्चेत आमचा माणूस संचालक म्हणून, म्हणजे चर्चा चालवायला, बसणार असेल, तर तो काय करतो, काय करत नाही आणि तुमच्याकडून त्याला काय लागतं, हे आधीच कळावं म्हणून हे पत्रक.

बहुतेक ग्राहक येतात ते ‘आमच्याकडे फार भांडणं होतात’ असं सांगत. थोड्या वेळानं दुसरी तक्रार निघते, ‘आणि विषय काही संपत नाही.’ आमच्या मते या दोन्ही तक्रारी एकच आहेत. शब्दानं शब्द वाढतो तो बहुधा विषय बाजूला पडल्यानंतर.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. विषय आहे, वर्गणी वाढवावी का. कोणीतरी म्हणतं, ‘आधी मागच्या वर्षीचा हिशेब कुठंय?’ प्रश्न रास्त आहे, पण तो या विषयपत्रिकेवर नाही. खजिनदारांना वाटतं, आपल्या सचोटीवर बोट ठेवलं. ते म्हणतात, ‘तुम्ही कामाला कधी येता?’ आता वर्गणी गेली, हिशेबही गेला. उरली दोन माणसं आणि त्यांच्या बाजूनं बोलणारे बाकीचे. आणखी दोन वाक्यांत गाडी एकेरीवर येते.

इथं आमचा संचालक पहिल्याच वाक्यानंतर बोलतो, खजिनदारांनी उत्तर देण्याआधी. ‘हिशेबाचा मुद्दा लिहून घेतला, पुढच्या बैठकीत तो पहिला विषय. आता वर्गणीवर तुमचं मत सांगा.’ एवढंच. विचारणाऱ्याचा मान राहतो, खजिनदारांना बचावाला उभं राहावं लागत नाही. मात्र वहीत नोंदवलेला मुद्दा पुढच्या बैठकीत खरोखर पहिला आला पाहिजे. तो आला नाही, तर ती वही म्हणजे लोकांना गप्प बसवण्याची युक्ती ठरते आणि पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही. ही जबाबदारी तुमच्या कार्यकारिणीची आहे, आणि ती तुम्ही घेणार नसाल तर आम्ही काम न घेतलेलंच बरं.

विषय आणि व्यक्ती वेगळी ठेवायची ही रीत जुनी आहे. इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहानं १६०४ सालीच ठरवलं होतं की, मुद्दा सोडून माणसावर घसरणाऱ्याला अध्यक्षांनी थांबवावं. आपल्याकडे न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, त्याच्याही कितीतरी आधी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची खोडून काढायची ती वितंडा. आज मराठीत ‘वाद’ म्हटलं की भांडणच डोळ्यांपुढं येतं. मूळ शास्त्रात मात्र ती सर्वांत चांगली चर्चा होती. त्याच ग्रंथात चर्चेत हार मानली जाण्याची २२ कारणं दिली आहेत. विषय सोडून भलतंच बोलणं, म्हणजे अर्थांतर, हे त्यांतलं एक. दुसरं आम्हाला फार मोलाचं वाटतं: समोरच्यानं आपलं म्हणणं तीनदा सांगूनही, सभेला ते समजूनही, ज्याला ते पुन्हा सांगता येत नाही, तो हरला.

यावरूनच आम्ही एक नियम घेतला आहे. चर्चा तापायला लागली की विरोध करणाऱ्यानं आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि समोरचा ‘हो, हेच म्हणालो’ म्हणाला की मग विरोध करायचा. पहिल्यांदा लोकांना हे अवघड जातं. पण निम्म्या वेळा विरोधाचं कारणच गैरसमज निघतो.

सभ्यता म्हणजे गोड बोलणं, असं आम्ही मानत नाही. ‘हा खर्च चुकीचा आहे, आणि माझी कारणं अशी’ हे कितीही कडक आवाजात म्हटलं तरी आम्ही थांबवत नाही. ‘अहो, तुमच्यासारख्या हुशार माणसाला कोण काय सांगणार’ हे मात्र थांबवतो. शब्द मऊ आहेत, पण रोख माणसावर आहे. टीकाच बंद करून बैठक शांत ठेवायची असेल, तर कृपया आम्हाला बोलावू नका.

लेखी चर्चेत अधिक जपावं लागतं. तिथं आवाज नसतो, चेहरा नसतो. ‘बरं’ हा एकच शब्द होकार वाटू शकतो आणि टोमणाही. म्हणून लेखी चर्चेत आमचा संचालक आधी विचारतो, ‘तुम्हाला असं म्हणायचं आहे का?’ समज द्यायची असेल तर ती एकट्याला, वेगळी कळवतो. सुरुवातीला आम्ही सर्वांसमोर टोकत होतो. त्यानं माणूस सुधारत नव्हता, आपला शब्द खरा करायला आणखी जोरात बोलत होता. एकट्यात सांगूनही फरक पडला नाही, तरच नियमाचा उल्लेख सर्वांसमोर होतो, आणि त्यानंतर ठरावीक मुदतीसाठी बोलणं बंद. कारण आणि मुदत दोन्ही त्या माणसाला स्पष्ट कळवतो. संस्थेच्या संस्थापकांनाही हेच लागू.

नियम थोडे ठेवा. ‘सर्वांनी सभ्य राहावं’ हा नियम कोणीच मोडत नाही, कारण प्रत्येकाला आपण सभ्यच वाटतो. ‘बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये’ हा नियम मोडला की सगळ्यांना दिसतं.

विषयांचा क्रमही महत्त्वाचा. पार्किन्सन या इंग्रज लेखकानं १९५७ साली एक उदाहरण दिलं होतं: अणुभट्टीचा अवाढव्य खर्च समिती काही मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर मात्र बराच वेळ घालते, कारण शेड सगळ्यांना कळते. तेव्हा अवघड विषय वर घ्या, त्याला वेळ नेमून द्या, आणि आयत्या वेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीशिवाय येऊ देऊ नका.

आमचा संचालक मत देत नाही, ठराव सुचवत नाही, कोणाची बाजू घेत नाही. आधी कोणाशी गुपचूप बोलून ठेवा, असं कार्यकारिणीनं सांगितलं तरी तो बोलत नाही.

बैठकीच्या किमान २ दिवस आधी आम्हाला विषयपत्रिका, मागच्या बैठकीचं इतिवृत्त आणि तेव्हा अर्धवट राहिलेल्या मुद्द्यांची यादी द्या. कोणत्या दोन सभासदांचं एकमेकांशी पटत नाही हे सांगू नका. संचालकानं दोघांकडे सारख्याच नजरेनं बघायला हवं, आणि ते माहीत नसलं की सोपं जातं.