लीशला झोल हवा
ताकदवान कुत्र्याला शांत चालायला शिकवताना

“आम्ही याला फिरवत नाही, हाच आम्हाला फिरवतो.” पहिल्या भेटीत कुत्र्याच्या घरच्यांकडून हे वाक्य आम्ही प्रशिक्षक हमखास ऐकतो. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर 30-35 किलोंचा असतो, रॉटवायलर नर तर सहज 50 किलोंचा. त्यांच्याशी रस्सीखेच करून आपला निभाव लागणार नाही, आणि तशी गरजही नाही.

कुत्रा हट्टीपणाने ओढत नाही. त्याची चाल मुळातच आपल्यापेक्षा भरभर, आणि ओढलं की पुढच्या खांबाचा वास मिळतो हे त्याला रोजच्या अनुभवाने पक्कं कळलेलं असतं. तुम्ही मागे खेचलंत की तो नकळत आणखी पुढे रेटतो. गळ्यात नुसता पट्टा असेल तर त्या ओढाताणीत श्वासनलिकेवर आणि डोळ्यांवर ताण येतो. चोक चेन (ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी) आणि काटेरी पट्टे आम्ही वापरत नाही, तुम्हीही कृपया वापरू नका. समोरून दुसरा कुत्रा आला की गळा दुखतो, एवढाच संबंध तो त्यातून जोडतो आणि मग दिसेल त्या कुत्र्यावर धावून जायला लागतो.

छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, आणि 6 फुटांची साधी लीश म्हणजे फिरवायची दोरी घ्या. कडी पुढे असली की जोर लावताच त्याचं अंग तुमच्याकडे वळतं. लांब-आखूड होणारी लीश नको, तिच्यात कायम ताण राहतो. लीश मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नका. एका हिसक्यात बोट मोडू शकतं. खाऊ म्हणून उकडलेलं चिकन किंवा पनीर, वाटाण्याएवढे तुकडे करून. द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट अजिबात नाही, कुत्र्यांना ते विषारी आहे.

सुरुवात घरातच करा. तो शेजारी आहे, लीशला झोल पडलाय, की लगेच खाऊ. तोही तुमच्या मांडीजवळच, कारण जिथे खाऊ मिळतो तिथेच तो घोटाळतो. हॉलमध्ये जमलं की जिना, मग पार्किंग, आणि रस्ता सगळ्यात शेवटी. एका वेळी दहा मिनिटं पुरेत.

खरी परीक्षा बहुधा लिफ्टच्या दारातच होते. दार उघडतं, नखं फरशीवर घसरतात, लीश ताठ. अशा वेळी खेचू नका, ओरडू नका, नाव घेऊन विनवण्या करू नका. नुसते उभे राहा. दार बंद झालं तर होऊ द्या. थोड्या वेळाने तो वळून तुमच्याकडे बघेल, एक पाऊल मागे येईल, लीश खाली लोंबेल. त्याच क्षणी “शाब्बास” म्हणा आणि चालू लागा. त्याच्यासाठी पुढे जायला मिळणं हेच मोठं बक्षीस आहे. पहिल्या दिवशी गेटपर्यंत पोहोचायला पंधरा मिनिटं लागली तरी धीर सोडू नका.

गल्लीतली कुत्री दिसली तर ती जवळ येण्याआधीच वळा. आपला कुत्रा भुंकायला लागल्यावर त्याला खाऊ दिसतही नाही. उलट झाडाजवळ तो शांत चालत आला तर मनसोक्त हुंगू द्या, त्याचं फिरणं त्यासाठीच असतं.

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: नियम घरातल्या सगळ्यांनी पाळावा. आई थांबते आणि दादा ओढू देतो, असं झालं की ओढणं अधिकच चिवट होतं, कारण कधीतरी जमतंच हे त्याला कळतं. सकाळी ऑफिसची घाई असेल तर लीश हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावा आणि त्या वेळी शिकवू नका. छातीची कडी म्हणजे शिकवणी, पाठीची कडी म्हणजे नुसतं शी-शू, हा फरक कुत्र्यांना लवकर कळतो.

उन्हाळ्यात हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून पाहा. चटका बसला तर संध्याकाळपर्यंत थांबा.

पहिल्या भेटीला त्याला भरपेट खायला घालून आणू नका, आणि रोज जो त्याला फिरवतो त्यालाच सोबत पाठवा. सध्याची लीश आणि पट्टाही आणा, ते आधी आम्ही तपासून देतो.