कागदावरच्या एक लाख मुली

पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं आयुष्य लिहून जाते, असं आपल्याकडे मानतात. लोकसंख्येचे अभ्यासक मात्र एक लाख मुली कागदावरच जन्माला घालतात. सध्या पहिल्या वर्षात ज्या दराने मुली दगावतात, तेवढ्या त्यातून वजा. उरलेल्यांना दुसऱ्या वर्षाचा दर, मग तिसऱ्या. असं करत पासष्टीला जेवढ्या उरतील, ते पासष्टी गाठणाऱ्या बायकांचं प्रमाण. खरी मुलगी यात एकही नाही. त्यामुळे दर वर्षाला एक ओळ असलेला हा तक्ता भविष्य सांगत नाही, आजचं मरण मोजतो.

हे दर येतात कुठून? भारतात १९६९-७० पासून देशभर 'नमुना नोंदणी पद्धत' चालते. निवडलेल्या गावात किंवा वस्तीत एक स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक येतो आणि ती वही न बघता घरोघरी स्वतः विचारतो. मग दोन्ही याद्या ताडायच्या. जुळलं नाही तर पुन्हा त्या घराची पायरी चढायची. कोण गरोदर आहे, हेही लिहिलेलं असतं. नाहीतर जन्मून तासाभरात गेलेलं बाळ कोणाच्याच हिशेबात येत नाही.

या वह्यांतून निघालेलं १९७०-७५ चं चित्र विचित्र होतं. पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५०.५ वर्षं, बायकांचं ४९. जगात बहुतेक ठिकाणी बाई जास्त जगते, इथे उलटं! ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात बायका जेमतेम पुढे सरकल्या. २०१६-२० मध्ये आकडे होते बायकांचे ७१.४ आणि पुरुषांचे ६८.६.

म्हाताऱ्या जास्त चिवट झाल्या म्हणून हे घडलं, असं वाटेल. पण मोठी गळती आधीच होत होती: बालपणी आणि बाळंतपणात. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असं आज्या उगीच म्हणत नव्हत्या. १९७१ मध्ये एका बाईला सरासरी पाचांहून अधिक मुलं होत, म्हणजे हा 'दुसरा जन्म' पाचेक वेळा. २०२० मध्ये सरासरी दोनावर आली. २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत. २०१८-२० मध्ये ९७. दवाखान्यातलं बाळंतपण, रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन, वेळेवर मिळालेली रक्ताची पिशवी, सगळ्याचा यात वाटा आहे. आणि तक्त्याचं गणित निष्ठुर असतं: बाविसाव्या वर्षी वजा झालेली बाई पासष्टीपर्यंतच्या पुढच्या त्रेचाळीस ओळींत गैरहजर असते.

ते भगदाड बरंच बुजलंय. आता गळती चाळिशीनंतरची: रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, कर्करोग. यांतला गर्भाशयमुखाचा कर्करोग साध्या तपासणीत फार आधी सापडू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तिशी ते एकोणपन्नाशीतल्या बायकांना विचारलं, ही तपासणी कधी केलीय का? 'हो' म्हणणाऱ्या शंभरात दोनही नव्हत्या.