पहिलटकरणीच्या घरी आशाताईच्या भेटी आणि मातृवंदनेचे पैसे: नोंदणी कुठे, कागद कोणते

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी आईकडे येते, पण तिचं नाव मात्र सासरच्या आशाताईच्या वहीत असतं. बाळ आर्वीकडे जन्मतं आणि नोंद वरोऱ्याकडे राहते. घरभेटी हुकतात त्या बहुतेक अशाच, म्हणून आधी हे सांगते. सासरहून निघताना तिथल्या आशाताईला सांगून निघा. माहेरी आल्याबरोबर इथल्या आशाताईला आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईला माता-बाल संरक्षण कार्ड दाखवा. त्यावरचा आरसीएच क्रमांक, म्हणजे गर्भारपणाच्या सरकारी नोंदीचा नंबर, गाव बदललं तरी तोच राहतो, नवी नोंदणी लागत नाही. कार्ड सासरी कपाटात राहिलं असेल तर कोणाच्या तरी हाती मागवून घ्या.

या भेटींसाठी अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, एक रुपयाही नाही. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर बाळाच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी येते; घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. नर्सबाई तिच्या कामावर देखरेख ठेवते आणि अडलं तर स्वतः येते. ही पद्धत आपल्याच मातीतली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथे नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली प्रसिद्ध झालं. २०११ पासून देशभरातल्या आशाताईंकडे हे काम आलं.

तिसऱ्या दिवसाची भेट तर चुकवूच नका. नॉर्मल बाळंतपणानंतर साधारण दोन दिवसांत सुट्टी होते, आणि घरी आल्यावर दूध ओढत नाही, बाळ गार पडतं, या अडचणी तेव्हाच दिसतात. आशाताई बाळाला झोळीत घालून वजन करते, ताप मोजते, मिनिटभर श्वास मोजते, नाळ पाहते, अंगावर पाजताना बाळ नीट धरलं आहे का तेही बघते. सोयर आहे म्हणून काही घरांत तिला ओसरीवरूनच परत पाठवतात. कृपा करून तसं करू नका. हात धुवायला पाणी-साबण द्या आणि थेट बाळंतिणीच्या खोलीत न्या. खोलीत शेगडीचा धूर कोंडला असेल तर आधी खिडकी उघडा.

बाळ पीत नाही, सुस्त पडलं आहे, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आहे, छाती आत ओढली जाते, अंग गार किंवा तापलेलं आहे, नाळेतून पू येतो, किंवा आईला खूप रक्त जातं, ताप येतो, झटके येतात, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ ला फोन लावा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत आहे.

आता पैशांचं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, दोन हप्त्यांत. शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत गर्भारपणाची नोंद आणि एक तपासणी झाली की ३,०००. बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. अर्ज शेवटच्या पाळीपासून ५७० दिवसांच्या आत व्हायला हवा, म्हणजे बाळ साधारण नऊ महिन्यांचं होईपर्यंत. तोवर थांबायचं काही कारण नाही, नोंदणीच्या दिवशीच आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला विचारा.

पात्रतेसाठी रेशन कार्ड (अन्नसुरक्षेचं), दारिद्र्यरेषेचं कार्ड, रोहयोचं जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, किसान सन्मानची नोंद, जातीचा दाखला (अनुसूचित जाती-जमाती), ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा आठ लाखांखालच्या उत्पन्नाचा दाखला, यातला कोणताही एक पुरतो. हातात जॉब कार्ड असताना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारून मजुरी बुडवू नका. सोबत आईचं आधार, माता-बाल संरक्षण कार्ड आणि तिचं स्वतःचं बँक किंवा पोस्टाचं खातं लागतं. नवऱ्याचं खातं चालत नाही. दुसऱ्या हप्त्याला बाळाचा जन्मदाखला लागेल. जन्मनोंद २१ दिवसांच्या आत करून घ्या. सरकारी नोकरीतल्या बाईला ही योजना लागू नाही.

आधीचं गर्भारपण पडलं असेल किंवा बाळ मृत जन्मलं असेल, तर पुढच्या वेळी तिचा हक्क नव्याने सुरू होतो. हे घरच्यांनीच लक्षात ठेवून विचारावं, ती पोर स्वतः विचारायला धजत नाही.

अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ग्रामीण भागात दवाखान्यात बाळंत झाल्यास जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये वेगळे मिळतात.

पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, मेळघाटातही पावसाळ्यात असंच होतं. अशा दुर्गम भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ आहे. तारखेच्या काही दिवस आधी तिथे राहायला जाता येतं. जून लागण्याआधीच नर्सबाईशी बोलून ठेवा.

हप्ता अडकला तर आधी बँकेत जा आणि खात्याला आधार जोडलेलं आहे का ते पाहा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, अर्जासोबत पासबुक कोणतं दिलं यावर ते ठरत नाही. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकात सासरचं असेल, तर ते पहिल्या तीन महिन्यांतच एकसारखं करून घ्या. पोट पुढे आल्यावर तालुक्याच्या आधार केंद्रात रांगेत उभं राहणं तिला सोसत नाही.