रोहूचं मुंडकं, पोराचं डोकं न एपेंडायमिन

मंगळवारी बाजारात रोहूचं मुंडकं घेतलं की कोणीतरी सांगतेच, पोराले खाऊ घाला, दिमाग तेज होते. आता व्हॉट्सॲपवाल्यांनी त्याले सायन्स जोडलं, म्हणे माशाच्या मेंदूतलं एपेंडायमिन नावाचं प्रोटीन पेशीच्या पडद्यातून आरपार घुसते न थेट आपल्या मेंदूत बसते. नाही ना भाऊ!

एपेंडायमिन खरं आहे, गोल्डफिशच्या मेंदूत सापडलं, माशांच्या स्मरणशक्तीशी त्याचा संबंधही लावला गेला, पण ते पडदा भेदत नाही. मेंदूच्या आवरणातल्या पेशी ते बनवतात, त्याच्या सुरुवातीला सिग्नलचा तुकडा (कुठं जायचं ते सांगणारा जणू पत्ताच) असतो म्हणून बनता बनताच ते एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या पेशीतल्या कप्प्याच्या आत ओढलं जाते, तिथं न पुढं गोल्जी नावाच्या दुसऱ्या कप्प्यात त्याले साखरेच्या साखळ्या लागतात, मग बारीक पिशवीत भरून पेशीच्या काठापर्यंत, पिशवीचा पडदा पेशीच्या पडद्यात मिसळला की माल बाहेर, मेंदूभोवतीच्या पाण्यात. साखर लागलेलं एवढं मोठं प्रोटीन पडद्याच्या चरबीच्या थरातून आपोआप जाईल काहून?

आन खाल्लेलं प्रोटीन तर पोटातले-आतड्यातले पाचक रस, पेप्सिन-ट्रिप्सिनच तोडून टाकतात, रक्तात जातात मुख्यतः त्याचे बारीक घटक, अमिनो आम्लं.

पडद्यातून पेशीत शिरणारे प्रोटीनचे तुकडे असतात बरं, १९९१ मध्ये अँटेनापीडिया नावाच्या प्रोटीनचा तुकडा चेतापेशींत शिरताना दिसला, पण ते प्रोटीन फळमाशीचं, मासोळीचं नाही.