राउंड आयलंडचा बोआ: ससे, माती आणि सापसुरळ्या

मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे २२ किलोमीटरवर राउंड आयलंड हे ज्वालामुखीच्या राखेपासून घडलेल्या खडकाचे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. दिवसा ताडांच्या वाळक्या झावळ्यांखाली आणि कपारीत दडणारा, रात्री जमिनीवर शिकार शोधणारा कॅसारिया डुसुमिएरी हा साप, म्हणजेच राउंड आयलंडचा बोआ, एकेकाळी मॉरिशसच्या मुख्य बेटावरही होता. तिथे त्याची जुनी हाडे सापडतात. जहाजांतून आलेल्या उंदरांनी तिथून त्याला संपवले. राउंड आयलंडवर बोट लावणे अवघड, त्यामुळे उंदीर पोहोचले नाहीत. १८३७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ श्लेगेलने या सापाचे शास्त्रीय वर्णन केले.

बोआ म्हणत असले तरी तो खऱ्या बोआंपैकी नाही. बहुतेक बोआ पिल्ले देतात, हा अंडी घालतो. त्याचे खरे वेगळेपण जबड्यात आहे. वरच्या जबड्याचे हाड दोन्ही बाजूंना मधोमध दुभंगलेले असून पुढचा भाग मागच्या भागावर सांध्यासारखा हलतो. इतर कोणत्याही पृष्ठवंशी प्राण्यात अशी रचना नाही. फक्त त्याच्याच कुळातल्या, याच बेटावरच्या बोलिएरिया या दुसऱ्या सापात होती. सापसुरळीचे अंग गोल, कडक आणि गुळगुळीत, साध्या जबड्यातून निसटणारे. असा दुमडणारा जबडा तिला वेढून धरतो. पाली आणि सापसुरळ्या हेच त्याचे मुख्य अन्न.

उंदीर आले नाहीत, पण एकोणिसाव्या शतकात माणसांनी शेळ्या आणि ससे सोडले. त्यांनी ताडांची रोपे उगवताच खाल्ली. म्हातारी झाडे पडत गेली, नवी उभी राहिली नाहीत, आणि मोकळी माती पावसाबरोबर समुद्रात गेली. बहुधा बिळात राहणाऱ्या बोलिएरियाला मातीच उरली नाही. तो शेवटचा दिसला १९७५ मध्ये.

त्यानंतर निसर्गप्रेमी लेखक जेराल्ड डरेल यांच्या मोहिमांनी कॅसारिया साप जर्सी बेटावरच्या त्यांच्या प्राणिसंग्रहालयात नेले. १९८२ मध्ये तिथे पिल्ले झाली. पण पिंजऱ्यात साप वाढवून जंगल परत येत नाही. निर्णायक काम बेटावर झाले: १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे हटवले, मग ताड पुन्हा रुजू लागले.

तरी सगळे साप एकाच बेटावर असणे धोक्याचेच. जवळच्या गनर्स क्वॉइन या बेटावरून १९९५ मध्ये उंदीर काढले होते. तिथे आधी टेलफेअर जातीच्या सापसुरळ्या सोडल्या, त्या स्थिरावल्यावर २०१२ मध्ये ६० साप. हा क्रम उलटा केला असता, तर सापांना पुरेशी शिकारच मिळाली नसती.